नालंदा गल्लीतले चौकोन

नालंदा गल्लीत पूर तुम्ही आणलात. नदीच्या नावावर खपवू नका. पंचगंगा पूर्वीही पात्र सोडायची, नाल्यातून मागं सरकत गल्लीच्या तोंडाशी यायची, जरा थांबायची आणि आली तशी निघून जायची. तिची परत जायची वाट मातीनं बुजवायला परवानगी नदीनं दिली नव्हती. ती तुम्ही दिलीत, ऑफिसात बसून. नकाशावर निळी पूररेषा मारली तीही तुम्हीच. ही रेषा गल्लीपर्यंत सरळ येते, गल्लीतली सगळी घरं पोटात घेते, आणि रस्त्यापलीकडं भराव टाकून उभ्या केलेल्या कॉम्प्लेक्सपाशी पोचली की लाजल्यासारखी वळसा घालते. पाण्याला हा वळसा कुणी समजावून सांगितला नाही. ते भरावाला धडकलं आणि माघारी फिरून गल्लीत शिरलं. एकोणीस साली शिरलं, एकवीस साली शिरलं. आणि दर जूनमध्ये तुमचा माणूस दारात उभा राहून सांगतो, पूररेषेतल्या नागरिकांनी वेळीच सुरक्षित स्थळी जावं. ते स्थळ कुठलं, हे तुम्ही एकदाही सांगितलेलं नाही.

सांगायची गरजच पडली नाही तुम्हाला. शिंग्यांनी दार उघडं ठेवलं होतं.

वर्षावासाचं वाचन सुरू व्हायच्या महिनाभर आधीचा रविवार हा शिंग्यांच्या इमारतीत बांधाबांधीचा दिवस. तळाला प्रसेनजीतचं बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान, मधल्या मजल्यावर घर, सगळ्यात वर हॉल. सकाळी उजाडल्यापासून त्याचे वडील भाऊसो गच्चीवरच्या टाक्या भरून घेत होते. एसटीच्या वर्कशॉपमध्ये जन्म गेलेला माणूस, पाण्याचा आवाज ऐकून टाकी किती भरली ते सांगायचा. रिकामी टाकी पुरात तरंगते आणि जाताना पाइप मोडून नेते. शिवाय चारी बाजूंनी पाणी असताना प्यायला थेंब मिळत नाही, हे कोल्हापुरात आता कुणाला शिकवावं लागत नाही.

खाली आकाराम संडासाच्या भांड्यात पोतं कोंबत होता. पुराचं पहिलं पाणी दारातून येत नाही, संडासातून येतं. पोत्यावर फरशी, फरशीवर दगड.

"नीट बसव रं," भाऊसो वरून म्हणाले. "मागल्या बारीला उडालंतं."

"दगड हलका हुता. आता तुम्हीच येऊन बसा वर," आकाराम म्हणाला. तो शेजारच्या घरातला, रिक्षा चालवणारा. स्वतःच्या घरातलं आवरायच्या आधी तो इथलं आवरायचा, कारण त्याचं सामान शेवटी इथंच यायचं होतं.

वर हॉलमध्ये प्रसेनजीतची आई तानूबाई ऑइलपेंटचा डबा घेऊन गुडघ्यावर बसल्या होत्या. जमिनीवर चौकोन आखलेले होते, प्रत्येकात एकेका घराचं नाव. एकोणिसच्या पुरात लोकांनी हाताला येईल ते वर आणून टाकलं, आणि पाणी ओसरल्यावर कुणाचा टीव्ही कुणाचा यावरून आठवडाभर भांडणं झाली. तेव्हा तानूबाईंनी चौकोन आखले. मोठ्या कुटुंबाला मोठा, विधवेला भिंतीकडेचा, म्हाताऱ्यांना जिन्याजवळचा. गल्लीत कुणी हरकत घेतली नाही. तानूबाईंच्या मापावर हरकत घ्यायची पद्धत नव्हती. वर्षभराच्या वावरानं पुसट झालेल्या रेघा आज त्या पुन्हा ओढत होत्या, आणि मुरगूडहून आलेली त्यांची लेक प्रियदर्शनी पदर खोचून दुसऱ्या टोकाकडून ओढत येत होती.

जिन्यात लोखंड आपटल्याचा आवाज आला. प्रसेनजीत आणि दोन हमाल रॅकचे अँगल घेऊन वर आले.

"कुणाच्या चौकोनात लावतोयस?" तानूबाईंनी मान न उचलता विचारलं.

"चौकोन आता न्हाईत, आई. रंग वाया घालवू नगंस." प्रसेनजीतनं अँगल भिंतीला टेकवले. "समोरच्या अरिहंतला शब्द दिलाय मी. त्याचा तळघरातला माल पावसाळाभर इथं ऱ्हाईल. रॅक त्याच्या. अर्ध्यात त्याचं कापड, अर्ध्यात माझ्या बॅटऱ्या."

प्रियदर्शनीच्या हातातला ब्रश थांबला. "आन् गल्ली?"

"गल्लीला विचार की. मी गल्लीचा बाप न्हवं."

"ह्या मजल्याला नोटीस लागलीय, प्रसेन. तिथं दुसऱ्याचा माल ठेवून घेणार तू?"

"नोटीस लागलेल्या मजल्यावर शंभर माणसं ठेवल्याली चालतात, कापड चालत न्हाय व्हय?"

आकाराम नेमका तेव्हाच टीव्हीचं खोकं खांद्यावर घेऊन दारात आला. त्यानं रॅक पाहिले, मायलेकरांची तोंडं पाहिली. "काकी, मी मागनं येतो," म्हणाला.

"थांब की. तुझ्याच जागंचं चाललंय," तानूबाई म्हणाल्या.

तो थांबला, पण खोकं खाली ठेवलं नाही.

मनाली नवऱ्यामागोमाग वर आली होती. तिला हे आधीपासून माहीत होतं, आणि सासूला सांगायचं काम नवऱ्यानं टाळत टाळत आजवर आणलं याचा तिला रागही होता. पण बाजू तिनं ठरवली होती. एकवीसच्या पुरानंतर दुकानातला चिखल तिनं काढला होता. तो चिखल साधा नसतो. त्यात गटार असतं, डिझेल असतं, मेलेली घूस असते, आणि बॅटरीचं ॲसिड मिसळलं की हाताची सालं निघतात.

"काय आई आई करून बोलतोयस," प्रियदर्शनी म्हणत होती, "सरळ सांग, तुला माणसं नकोयत वर."

"वन्सं," मनाली म्हणाली, "तुम्ही मुरगूडला असता. पाणी गेल्यावर येता, दोन दिवस ऱ्हाता, आन् मग शाळा असते तुमची. चिखल मी काढलाय."

प्रियदर्शनीला ते लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं. तिनं बापाकडं पाहिलं. भाऊसो ओल्या पायांनी दारात येऊन उभे होते.

"दादा, तुम्ही तरी बोला."

"मी काय बोलू? दुकान हाय म्हणून हे घर चालतंय," भाऊसो म्हणाले. "बॅटऱ्या परत बुडाल्या तर पोरानं काय करायचं? माझ्या पेन्शनवर जगायचं?"

म्हणजे तिघं एका बाजूला. तानूबाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि उठून उभ्या राहिल्या. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती.

"प्रसेन, पाणी आलं की ही माणसं खाली उभी ऱ्हातील. म्हातारी, ल्हान पोरं. तू दाराला कुलूप लावून काय सांगणार त्यांस्नी? आत साड्या हाईत म्हणून?"

"सांगीन की. मला सांगितलंतं तसंच सांगीन."

"तुला कुणी सांगितलं?"

"तू."

हमाल एकमेकांकडं बघत जिन्यात जाऊन बसले.

"एकवीस साली," प्रसेनजीत म्हणाला, आणि आता त्याचा आवाज उलट खाली आला, "ह्या हॉलमधी सगळ्या गल्लीचं सामान हुतं. आकारामदाच्या कोंबड्यासुद्धा हुत्या."

"चारच हुत्या," आकाराम पुटपुटला.

"मी खाली कंबरभर पाण्यात. खांद्यावर बॅटरी घिऊन वर आलतो. पहिलीच. तू दारात आडवी झालीस. म्हणालीस, कुठं ठेवतोस, इथं सगळ्यांचं हाय. मी ती बॅटरी तशीच खाली नेली, आई. पाण्यात ठेवली परत."

"जागा न्हवती रं."

"हुती की." त्यानं हॉलच्या पुढच्या भिंतीकडं बोट केलं. भिंतीवर बुद्धांची तसबीर, शेजारी बाबासाहेबांचा फोटो. खाली फरशीचा मोठा पट्टा, एकही रेघ नसलेला. वर्षावासातल्या ग्रंथवाचनाला बसायची जागा. "ही. सगळं भरलं आन् एवढं मोकळं ठेवलंस. वाचनाला. त्या दिवशी वाचायला कोण हुतं? अर्धी गल्ली बोटीतनं गेलती. मधल्या मजल्याच्या पायरीला पाणी लागलंतं. ही फरशी कोरडीठाक, मोकळी, आन् खाली माझं दुकान बुडत हुतं. सगळ्या गल्लीला चौकोन हाय इथं. मला न्हाय."

तानूबाईंनी हॉलवरून नजर फिरवली. नावं त्यांना पाठ होती, डोळे मिटून त्या क्रमानं म्हणाल्या असत्या. आज पहिल्यांदा त्यांनी त्या नावांत शिंगे हे नाव शोधलं.

"आपलं घर वरच हाय म्हणून..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

"दुकान खालीच हाय, आई."

प्रियदर्शनी भावाकडं बघत होती. तिला ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती. फोनवर आई म्हणाली होती, दुकान गेलं, बाकी सगळं वाचलं. ते बाकी सगळं म्हणजे काय, हे तिनं विचारलं नव्हतं. "आई," ती हळू म्हणाली, "त्याचं बरोबर हाय."

तानूबाईंनी डब्याचं झाकण परत काढलं. पुढच्या भिंतीपाशी गेल्या, साडी सावरून बसल्या आणि तसबिरीखालून रेघ ओढायला लागल्या. पट्टी न लावता सरळ ओढली. वाचनाचा पट्टा जवळजवळ सगळा त्या चौकोनात गेला.

आकारामला राहवलं नाही. "काकी, तिथं बॅटऱ्या? ॲसिडचा वास सुटतोय. बाबासाहेबांच्या समोर?"

"बाबासाहेबांनी विजेचं खातं सांभाळलंय," भाऊसो म्हणाले. "त्यांस्नी बॅटरीचं वावडं न्हाय."

मनाली हसली. मग हसू दाबून तिनं विचारलं, "आन् वाचन, आत्या?"

"आपल्या घरात. पलंग उभा करायचा. मावतील तेवढी मावतील, बाकीची जिन्यात बसतील. ऐकायला काय जागा लागती?" तानूबाईंनी ब्रश डब्याच्या काठाला पुसला. "बॅटऱ्या जड असतात. एका ठिकाणी ढीग लावू नका, भिंतीकडंनं बीमवर मांडा. आन् हे रॅक खाली न्या."

"शब्द दिलाय मी," प्रसेनजीत म्हणाला. पण त्याच्या आवाजात मघाचं काही उरलं नव्हतं. तो त्या ओल्या चौकोनाकडं बघत होता.

"शब्द दुकानाचा दिलास तर तुझा," भाऊसो म्हणाले. मघाशी ते लेकाच्या बाजूला होते, आता कुठल्या बाजूला गेले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "हॉल दिलास तो तुझा न्हवता. चल, मीबी येतो."

रस्ता ओलांडायला दोघांना वेळ लागला, कारण भाऊसो मध्येच थांबून भरावाकडं बघत राहिले. त्यांचे वडील पिराजी नेसरीहून आले तेव्हा गल्लीतली घराची जागा त्यांना मिळाली ती दुसरं कुणी घेईना म्हणून. समोर तेव्हा खोलगट रान होतं, पावसाळ्यात तिथं बगळे उतरायचे. आता तिथं काचेचा जिना.

अरिहंत मगदूमचं कापडाचं शोरूम कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावर, होलसेलचा माल तळघरात. तो प्रसेनजीतचा शाळेपासूनचा दोस्त. भाऊसोंना बघून गादीवरून उठला.

"या काका, जय भीम."

"जय जिनेंद्र. खाली बसू या का? तुझं तळघर बघायचंय."

तळघरात जूनमध्येच मोटर चालू होती. कोपऱ्यातल्या खड्ड्यात पाणी साचायचं, मोटर ते उपसून रस्त्याच्या गटारीत टाकायची, आणि ती गटार नालंदा गल्लीत जायची. प्रसेनजीतनं हे शंभरदा पाहिलं होतं. बाप शेजारी असताना पाहिलं तेव्हा त्याला लाज वाटली. भाऊसोंनी भिंतीवर तळहात ठेवला. हात ओला झाला.

"हे तळघर कशाला मंजूर हाय?" त्यांनी विचारलं.

"पार्किंगला," अरिहंत म्हणाला. "मला विकलं दुकान म्हणून. पार्किंग म्हणून ज्यांनी मंजूर केलं, त्यांनीच दुकानाचं लायसन दिलं. विचारायला गेलतो तर म्हणाले, टेबलं वेगळी हाईत."

"अरिहंत, हॉल देता येत न्हाय," प्रसेनजीत म्हणाला. बापानं बोलायच्या आधी त्यानं स्वतः बोलून टाकलं.

अरिहंतनं त्याच्याकडं पाहिलं, मग भाऊसोंकडं. "म्हणजे काकांनी अडवलं."

"न्हाय. जागा गल्लीची हाय, मी तुला उगंच शब्द दिला."

"पाऊस तोंडावर आल्यावर आठवलं तुला. आता मी काय करू? हे सगळं गच्चीवर नेऊन टाकू?"

"कोडोलीला ने. पार्श्वनाथकाकांचं घर उंचावर हाय. माझी गाडी घे, मी स्वतः चालवतो."

"काकांच्या माडीवर गूळ भरलाय. कापडाला वास लागतोय."

"वास धुऊन जातोय," भाऊसो म्हणाले. "चिखल जात न्हाय. आमच्या सुनंला विचार."

अरिहंतला हे पटलं, पण पटलं असं म्हणायची त्याची तयारी नव्हती. त्यानं एक गठ्ठा उचलून उगाच दुसऱ्या गठ्ठ्यावर ठेवला. "गाडी उद्या सकाळी पाठव," तो म्हणाला. "आन् रॅक आज परत पाहिजेत मला. सगळे."

चहाचं त्यानं विचारलं नाही. शाळेपासून पहिल्यांदा विचारलं नाही. वर येताना प्रसेनजीत मागं वळून बघणार होता, पण बघितलं नाही.

ते परत आले तेव्हा इमारतीसमोर एक स्कूटर उभी होती. वर हॉलमध्ये एक तरुण माणूस मोबाइल उभा-आडवा धरून फोटो काढत होता. गळ्यात ओळखपत्र, पँटच्या बॉटम दुमडलेल्या. ओला चौकोन चुकवत तो अदबीनं पावलं टाकत होता. तानूबाई, मनाली, प्रियदर्शनी एका बाजूला उभ्या. आकारामचं खोकं एव्हाना त्याच्या चौकोनात जाऊन बसलं होतं आणि तो त्यावर बसला होता.

"नमस्कार, मी धैर्यशील. ऑफिसातून आलोय, आपत्तीचं काम बघतो," तो माणूस म्हणाला. "हॉल छान ठेवलाय तुम्ही. हवेशीर आहे. हे मार्किंगसुद्धा फार चांगलं. मी साहेबांना दाखवतो."

"कशाला?" प्रसेनजीतनं विचारलं.

"या भागाचा निवारा म्हणून आम्ही हाच धरलाय ना. वर कळवलंय तसं. पाणी वाढलं की पलीकडच्या दोन गल्ल्यासुद्धा इकडंच पाठवू."

"कुणाला विचारून धरला?" प्रियदर्शनी म्हणाली.

"मॅडम, दर पुरात लोक इथंच येतात. सगळ्यांना माहीत आहे."

"दोन गल्ल्या," मनाली म्हणाली. "त्यांच्या जेवणाचं? संडासाचं? का तेबी आम्हीच?"

"ते वरून येईल," धैर्यशील म्हणाला. येणार नाही हे त्यालाही ठाऊक असावं, कारण त्यानं मोबाइल खिशात घातला.

प्रसेनजीतनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दोस्ताच्या खांद्यावर ठेवतात तसा. "या पावणं, जरा जिन्यात या."

जिन्याच्या भिंतीवर हिवाळ्यात चिकटवलेली नोटीस अजून तशीच होती. भाऊसोंनी ती फाडू दिली नव्हती. सदर वरचा मजला पूररेषेत विनापरवाना बांधला आहे, तो आपण होऊन काढून टाकावा, अन्यथा काढून टाकला जाईल.

धैर्यशीलनं ती वाचली. पुन्हा वाचली. "हे बांधकामचं टेबल," तो म्हणाला. "माझं आपत्तीचं."

"टेबलं दोन. ऑफिस एकच की?" प्रसेनजीतनं विचारलं.

"हो, पण..."

"शिक्का एकच?"

वरच्या पायरीवर तानूबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या बोटांना रंग लागला होता. सकाळी ह्याच हॉलला कुलूप लावायला निघालेला आपला मुलगा आता त्याच हॉलसाठी दुसऱ्याला अडवतोय, हे त्या बघत होत्या, आणि त्यांना त्यात विशेष काही वाटत नव्हतं. चौकोन मिळाला की माणूस त्या जागेचा होतो, हे त्यांनी गल्लीत पाहिलेलं होतं.

"बसा पावणं," त्या म्हणाल्या. "मनाली, चहा टाक."

"नको, मला अजून बऱ्याच ठिकाणी..."

"बसा," भाऊसो म्हणाले, आणि त्यांनी घरातली खुर्ची आणून जिन्याच्या चौकात, नोटिशीच्या अगदी खाली ठेवली. धैर्यशील बसला. बसल्यावर त्याचं डोकं नोटिशीच्या खालच्या कडेला लागत होतं. खालून गल्लीतली चार-दोन माणसं हातात सामान घेऊन वर यायला निघाली होती, ती वाटेतच उभी राहिली.

प्रसेनजीत त्याच्यासमोर पायरीवर टेकला. सकाळपासून पहिल्यांदा त्याचा आवाज एकसारखा लागला.

"तुमच्यावर राग न्हाय माझा. फोन लावा साहेबांस्नी, सगळ्यांस्नी ऐकू येईल असा. मी भांडत न्हाय. एकच विचारायचं हाय. पावसाळ्यात तुम्ही ज्या हॉलमधी माणसं पाठवणार, तो हाच. पावसाळा सरला की तुम्ही जो पाडणार, तोबी हाच. मग ही माणसं आज सामान घिऊन वर चढू देत, का खाली न्हेऊ देत? हा निवारा हाय का बेकायदा हाय? दोन्हीतलं एक सांगा. आन् पाणी यायच्या आधी सांगा."